कणसरी अजून बाहेर आहे

डोंगरमामांना जयपूरचा एकही डोंगर पसंत नव्हता. रेल्वे कॉलनीतल्या त्यांच्या क्वार्टरच्या गच्चीवरून हवा स्वच्छ असली की नाहरगढ़ दिसायचा. पाहुण्यांना गच्चीवर नेऊन लोक किल्ला दाखवतात, मामा डोंगराची बदनामी करायचे. "याला डोंगर म्हणायचं? ह्यो तं डोंगराचा नुसता सापळा. मांस कुठं गेलं याचं?" हेच ते शेजारच्या शर्माजींना आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत ऐकवायचे, आणि शर्माजी दरवेळी मनापासून हसायचे. मग मामा आपल्या डोंगरांची नावं घ्यायला लागायचे. साग कुठल्या डोंगरावर, मोह कुठल्या, कुठल्या डोंगराच्या कुशीत पाणी उन्हाळाभर टिकतं. कुणी पत्ता विचारला तरी गावाचं नाव नंतर, आधी दोन डोंगर. त्यावरूनच कॉलनीने त्यांचं नाव डोंगरमामा ठेवलं होतं. खरं नाव काशिनाथ होतं, पण ते पगाराच्या कागदापुरतं.

मामा नाशिक जिल्ह्यातल्या पेठच्या पुढचे, जिथे घाट उतरला की गुजरात जवळ येतो तिथल्या एका पाड्यावरचे. रेल्वेत फिटर म्हणून लागले, भुसावळला होते, तिथून बदली होऊन जयपूरला वॅगन दुरुस्तीच्या शेडमध्ये आले आणि इथेच अडकले. बदलीचे अर्ज त्यांनी पुष्कळ केले, मग मुलीची, मंगलाची, शाळा आली, मग मामींचं आजारपण आलं, आणि अर्ज करायचे राहून गेले. मी नोकरीसाठी जयपूरला आले तेव्हा मामी जाऊन काही वर्षं झाली होती. घरात मामा आणि मंगला, एवढी दोघंच. "रिटायर झालो का दुसऱ्या दिवशी गाडीत," हे मामांचं ठरलेलं वाक्य होतं.

मामांच्या घरात देव्हाऱ्याशेजारी एक काशाची थाळी होती. तिच्या मधोमध मेणाचा गोळा लावून त्यात एक वाळकी बारीक काडी उभी करायची आणि ती चिमटीत धरून वरून खाली ओढत राहायची. थाळीतून एक न संपणारा घुमारा निघतो. त्या घुमाऱ्यावर कथा गायची, हे मामांच्या घराण्यातलं काम. तिकडे घरात धान्य आलं की, कुणी गेलं की, गाणाऱ्याला बोलावतात आणि कथा दिवस उजाडेपर्यंत चालते. जयपूरच्या उन्हाळ्याला या कलेची अजिबात कदर नव्हती. मे महिना लागला की मेण पाघळायचं, काडी मान टाकायची आणि मामा राजस्थान सरकारला शिव्या घालायचे. शेवटी त्यांनी थाळी सरळ फ्रिजमध्ये ठेवायला सुरुवात केली. दह्याच्या पातेल्यावर कणसरीची थाळी! मंगलाने कुरकुर केली तर म्हणाले, "देवीला बी गरम व्हतं."

कणसरी म्हणजे दाण्यातली देवी. भातात, नागलीत, वरईत ती असते म्हणून पोट भरतं, असं तिकडे मानतात. मामांची मुख्य कथा तिचीच होती. भरल्या घराचा धनी माजतो आणि खळ्यातल्या राशीवरून पायताणासकट चालत जातो. कणसरी रुसते, घर सोडते आणि एकेक डोंगर चढत लांब निघून जाते. घरात दाणा उरत नाही. मग धनीण तिला शोधत जाते, पाया पडते, आणि कणसरी परत यायला निघते. येताना एकेका डोंगराचं नाव येतं, तो डोंगर तिला वाट देतो, अशी ती उतरत उतरत घरी पोचते आणि कणगीत बसते. या कथेचा एकच कडक नियम होता. सुरू केली की तिला घरी आणल्याशिवाय थांबायचं नाही. मध्येच थांबलं तर देवी बाहेरच राहते.

हा नियम लोकांना ठाऊक नसल्यामुळेच माझी नि मामांची ओळख झाली. मराठी मंडळाच्या गणपतीत कुणाच्या तरी डोक्यात आलं की यंदा 'आपली लोककला' ठेवू. मामांना दहा मिनिटं दिली. दहा मिनिटांत कणसरी जेमतेम घर सोडून पहिल्या डोंगरावर पोचली होती. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी गोड हसून "खूप छान, जोरदार टाळ्या" म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा हलेनात. "अवो, ती अजून बाहेर हाये," ते माइकवर म्हणाले. लोकांना वाटलं विनोद केला, त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. मागे लहान मुलींचा ग्रुप डान्स घागरे सांभाळत उभा होता. शेवटी दोघांनी मामांना हाताला धरून खाली आणलं.

मी नवीनच आले होते, ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून मंडपामागे चपलांपाशी रेंगाळत होते. तिथे मामा थाळी मांडीवर घेऊन बसलेले दिसले. पुढे स्पीकरवर धडाधड गाणं चाललेलं आणि हे मागे शांतपणे कणसरीला डोंगरावरून उतरवत होते. मी जवळ जाऊन बसले. त्यांनी न थांबता माझ्याकडे पाहिलं आणि ओळ संपल्यावर म्हणाले, "नुसती बसू नको. हूं म्हण." मी म्हटलं, "हूं." "आसं. दर ओळीला." पहिल्या भेटीत माझ्याशी ते एवढंच बोलले. देवी घरी पोचेपर्यंत प्रसाद संपला होता आणि मला हूं म्हणून म्हणून घसा कोरडा पडला होता. मग त्यांनी विचारलं, "कुठली तू?" मी नाशिक म्हटल्यावर त्यांचे डोळे एकदम भरून आले. मी काही त्यांच्या डोंगरांतली नव्हते, शहरातली, तरी त्यांनी मला सोडलं नाही. मी कायमची 'नाशिकवाली' झाले.

हुंकार ही मामांच्या दृष्टीने गाण्याइतकीच मोठी गोष्ट होती. "गाणारा एकटा कथा नेत नाय. समोरचा हूं म्हणतो तवा ती एक पाऊल टाकते." आधी मामी हुंकार द्यायच्या. त्या गेल्यावर मामांनी थाळी गुंडाळून ठेवली होती, मंडळाच्या निमित्ताने ती बाहेर निघाली. त्यानंतर माझे बरेच रविवार त्यांच्याकडेच गेले. सोडाल्याच्या माझ्या खोलीवरून त्यांची कॉलनी जवळ होती आणि मामांच्या हातची नागलीची भाकरी हा मोठाच मोह होता. सवय अशी लागली की ऑफिसच्या मीटिंगमध्येही मी दर वाक्याला हूं म्हणायला लागले. मॅनेजरला वाटलं मला सगळं पटतंय, त्याने दोन कामं जास्तीची दिली. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग? फुकट हुंकार कुठं बी द्यायचा नस्तो."

मला आजकालच्या लोकांसारखा रेकॉर्डिंगचा सोस होता. मोबाइल पुढे केला की मामा थाळी खाली ठेवायचे. "ह्याला हूं कोण म्हणणार? अन् कुणी मधीच बंद केलं तं? देवी बसली ना डोंगरावर." मी म्हटलं, अहो पण राहील तरी. त्यांचं उत्तर होतं, राहून काय करायचं, चालली पाहिजे. यापुढे माझं काही चालायचं नाही. तिकडे पाड्यावर सोनजी नावाचा त्यांचा जोडीदार गायचा. तो आहे तोवर कथा आहे, असं मामा म्हणायचे. मग एका पावसाळ्यात सोनजी गेल्याचा फोन आला. मामा दिवसभर गच्चीवर बसून राहिले. त्या दिवशी नाहरगढ़लाही त्यांनी काही नावं ठेवली नाहीत.

मंगलाचं नि या सगळ्याचं जमत नव्हतं. ती गोपालपुऱ्यात एका कोचिंगमध्ये बायोलॉजी शिकवायची, सकाळी जायची ती अंधार पडल्यावर यायची. जन्म भुसावळचा असला तरी वाढली जयपुरात. मराठी बोलताना अडखळायची, मग ओशाळून हिंदीत शिरायची. "बाबा गातात ना, मतलब मला अर्धं कळतच नाही," ती मला एकदा म्हणाली. "लहानपणी मी झोपून जायची. उठायची तेव्हा ती देवी घरी आलेली असायची." मामांनी तिला कधी शिकवायचा प्रयत्न केला नाही. बाईने थाळीला हात लावायचा नाही अशी रीत होती म्हणून, की पोरीच्या डोक्यावर आधीच पुष्कळ ओझं आहे म्हणून, हे त्यांनी सांगितलं नाही. माझ्या मते दुसरंच कारण खरं होतं. रीतीच्या बाबतीत ते एवढे कर्मठ नव्हते, नाहीतर थाळी फ्रिजमध्ये गेली नसती.

दरवर्षी दिवाळीनंतर पाड्यावरून नवा तांदूळ यायचा. मामांचा चुलतभाऊ भिकादादा तो नाशिकपर्यंत आणून जयपूरच्या बाजूला येणाऱ्या कुणा रेल्वेवाल्याच्या हाती द्यायचा. तो तांदूळ शिजवण्याआधी मामा त्याच्यापुढे कणसरीची कथा गायचे. त्या वर्षीही रविवारी सकाळी त्यांनी तांदळाची लहानशी रास घातली, थाळी घेतली आणि सुरुवात केली. मंगलाच्या कोचिंगमध्ये टेस्ट होती, मी एकटीच हुंकाराला होते. मामांचा आवाज छान लागला होता. कणसरी रुसली, निघाली, डोंगर चढत गेली. सगळ्यात लांबच्या डोंगरावर ती जाऊन बसली, धनीण तिच्या पाया पडली, आणि पुढची ओळ अर्ध्यावर थांबली. मी सवयीने हूं म्हटलं. मामा माझ्याकडे बघत होते. काडी त्यांच्या चिमटीतून सुटली, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि ते तांदळाच्या राशीवर कलंडले.

शर्माजींनी गाडी काढली, हॉस्पिटल झालं, सगळं वेळेत झालं असं डॉक्टर म्हणाले. मामा वाचले. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समोरच्याचं बोलणं सगळं कळायचं, पण तोंडून एकच आवाज निघायचा, "हूं." हो म्हणायचं असेल तरी हूं, पाणी हवं असेल तरी हूं. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांकडून हुंकार मागितला त्याच्याकडे शेवटी तेवढंच उरावं, याचा मला फार राग आला. कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून ऑफिसात सगळ्यांवर काढला.

घरी आल्यावर मामा भात खाईनात. पोळी खायचे, डाळ खायचे, भाताचा घास पुढे केला की डाव्या हाताने ताट सरकवायचे. जन्मभर भातावर वाढलेला माणूस. मंगलाने मऊ खिचडी केली, दहीभात केला, पेज केली. ते तोंड घट्ट मिटून घ्यायचे आणि डोळ्यांतून पाणी गळायचं. "दीदी, डॉक्टर म्हणतात गिळायला प्रॉब्लेम नाही. मग असं क्यों करतात?" मंगला रडकुंडीला आली होती. मला उलगडायला वेळ लागला. मग मी मामांच्या समोर बसून विचारलं, "मामा, ती बाहेर आहे म्हणून?" मामांनी डोळे मिटले. "हूं." देवी उपाशी डोंगरावर बसलेली, आणि तिचाच दाणा ते कसे खाणार?

मग आम्ही कथा शोधायला लागलो. सोनजी नव्हता. मंगलाने भिकादादाला फोन लावून स्पीकरवर ठेवला. तो बिचारा फोनवरच रडायला लागला. "पोरी, मी ऐकलीय गं, लई वेळा ऐकलीय. पन गाता नाय येत. डोंगरांची नावं वळीनं काशिनाथलाच यायची, नायतं सोनजीला. आमची पोरं तं नाशकाला कंपनीत. आता आमच्याकडं बी कोणी गात नाय." मी इंटरनेट धुंडाळलं. कणसरीच्या कथा होत्या, पण दुसऱ्या पाड्यांच्या, दुसऱ्या वाटेच्या. एक मामांना ऐकवली. त्यांनी मान फिरवली. ती त्यांची देवी नव्हती, त्यांची देवी त्यांनी जिथे सोडली होती तिथे बसलेली होती. असे हिवाळ्याचे महिने गेले. मामा वाळत चालले.

फाल्गुनात एका दुपारी मी गेले तर मंगला मामांच्या खाटेशेजारी जमिनीवर बसली होती. थाळी समोर होती. तिने काडी ओढून पाहिली असावी, काडी मोडून पडली होती. तिने थाळी बाजूला केली आणि नुसतं बोलायला सुरुवात केली. "बाबा, मला गाता नाही येत. मी अशीच सांगते. चालेल?"

"हूं," मामा म्हणाले.

"ती... कणसरी डोंगरावर बसली आहे. तिला खूप गुस्सा आला आहे. ती धनीण तिला म्हणते, माझ्या नवऱ्याची गलती झाली. घरी मुलं उपाशी आहेत. तू चल."

"हूं."

"मग कणसरी उठली."

मामांनी हूं म्हटलं आणि तिच्याकडे टक लावून पाहिलं. आता डोंगर यायला हवे होते. मंगलाला त्यांतलं एकही नाव येत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मला दोन-तीन आठवत होती, पण कुठलं आधी ते नाही, आणि चुकीच्या वाटेने देवी आणायची माझी हिंमत झाली नाही. मग मंगलाने डोळे पुसले आणि म्हणाली, "मग ती... ती नाहरगढ़वर आली."

मामा तिच्याकडे बघत राहिले. फार वेळाने त्यांच्या गळ्यातून आवाज आला, "हूं."

"नाहरगढ़ने तिला वाट दिली. मग ती झोटवाड्याला आली. तिथे खूप गर्दी होती, बस होत्या, ऑटो होते. सगळे थांबले. तिला जाऊ दिलं."

"हूं."

"मग ती गोपालपुऱ्याला आली. माझ्या कोचिंगच्या समोरून. मुलं बाहेर उभी होती, त्यांनी पण वाट दिली."

गोपालपुरा त्या वाटेवर अजिबात पडत नाही. तो पार दुसऱ्या टोकाला. पण मंगलाला रोजचा तोच रस्ता माहीत होता, आणि मामा दर ओळीला हुंकार देत होते, न चुकता, न थकता. सोडाला आला. कॉलनीचं फाटक आलं. शर्माजींचं घर आलं. मंगलाचा आवाज इतका भरून आला होता की शेवटची ओळ तिने जवळजवळ कुजबुजत म्हटली. "मग ती आपल्या दारात आली, बाबा. आत आली. डब्यात बसली."

"हूं," मामा म्हणाले, आणि डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. त्या संध्याकाळी त्यांनी मंगलाच्या हातून भात खाल्ला. अगदी थोडा, तरी खाल्ला. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडून घेतलं. होळीच्या आदल्या दिवशी मामा गेले.

दिवसांना भिकादादा आला. पहिल्यांदाच एवढा लांबचा प्रवास केलेला, अंगावर घडी मोडलेला नवा सदरा, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत मामांच्या वाट्याच्या शेतातलं बियाण्याचं भात होतं. गाणारा गेला की त्याच्या थाळीला बियाणं लावून परत न्यायचं आणि पावसाळ्यात पेरायचं, म्हणजे त्याने घरी आणलेली कणसरी बियाण्याबरोबर शेतात येते, अशी त्यांची रीत. त्याने मामा कसे गेले ते विचारलं नाही. हातपाय धुतले, बसला आणि म्हणाला, "कथा पुरी झाली का?"

"झाली," मंगला म्हणाली.

"कोनत्या वाटंनं आणली?"

मंगलाने सांगितलं. नाहरगढ़, झोटवाडा, गोपालपुरा, सोडाला, फाटक, घर. सांगताना तिची मान खाली गेली. "काका, मतलब... मला ती नावं माहीत नव्हती. मी चुकले का?"

भिकादादाने विचारलं, "काशिनाथनं हूं म्हटलं?"

"सगळ्यांना म्हटलं."

"मग नाय चुकली. तू आणलीस तिला. आम्ही तं तिकडं असून कोणी शिकून नाय घेतली." त्याने पंच्याने तोंड पुसलं. मग थाळी मागून घेतली, पिशवीतलं भात तिच्यात ओतलं आणि थाळी मंगलापुढे सरकवली.

"हे परत न्यायचं असतं ना?" मी विचारलं.

"ती हितं आलीय," भिकादादा म्हणाला. "तिकडची वाट तिला आता कोण सांगनार? मी हे नुसतं टरफल घेऊन जाऊन काय पेरू?"

मंगलाने भात डब्यात भरलं. जयपूरच्या कोरड्या मातीत ते कुठे रुजणार, आणि क्वार्टर सोडल्यावर तो डबा कुठल्या भाड्याच्या घरी जाणार, हे तिथे कुणी कुणाला विचारलं नाही. संध्याकाळच्या गाडीला मी भिकादादाला स्टेशनवर सोडलं. गाडी सुटेपर्यंत तो खिडकीत बसून रिकाम्या पिशवीची घडी घालत होता, उलगडत होता आणि पुन्हा घडी घालत होता.